सहा जणांची पसंती

शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर पदरात घ्या. वेंगुर्ल्याचा बुजरा लवू कुबल सगळी पुंजी ओतून आफ्रिकेतल्या एका बंदरात घावन-रसाची, म्हणजे तांदळाची जाळीदार धिरडी आणि नारळाचा गोड रस यांची, खानावळ काढायला गेला. तिथल्या परवाना कचेरीतला साहेब गुरगुरला, "सहा स्थानिकांनी चव पसंत केल्याशिवाय परवाना नाही. आणि परवान्याशिवाय कुणाला खाऊ घातलंस तर तुरुंग!"

लवू हबकलाच. भूक लागली म्हणून त्याने कचेरीतल्या बाकावरच घावन-रसाचा डबा उघडला आणि घरच्या सवयीने म्हणाला, "या जेवायला!" साहेब आणि पाच कारकून तुटून पडले.

"साहेब, सहा जणांची पसंती झाली," लवू चाचरत म्हणाला. "आता परवाना द्या, नाहीतर माझ्या कोठडीत बोटं चाटणाऱ्या सहा जणांचीही सोय करा!"

साहेबाने घाईघाईने घास गिळला. रसाने माखलेल्या बोटांनीच त्याने परवान्यावर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवूने खानावळीची चूल पेटवली.