येसूचं सगळंच चुकलं

"एकही प्रश्न न विचारता माझा आजार ओळखा! प्रश्न विचारलात, तर संध्याकाळच्या आत राज्य सोडायचं!"

कर्णखेडच्या रणधवल राजाने पलंगावरूनच वैद्य नारोपंतांना हुकूम सोडला.

राजा महिनाभर आजारी होता. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पण कुठे दुखतं, हे सांगायला तो तयार नव्हता. त्याच्या आजोबांनी म्हणे मांडीतला बाण काढताना निवांत विडा चघळला होता. अशा घराण्यात कण्हायचं कसं? आधीच्या वैद्यांपैकी ज्यांनी प्रश्न विचारले, त्यांना राज्य सोडावं लागलं; बाकीच्यांनी आपले अंदाज बांधले. एकाने कपाळाला लेप थापला, दुसऱ्याने पायाला. राजा खंगतच चालला आणि राणी कोपऱ्यात बसून डोळे पुसत राहिली.

नारोपंतांनी नाडी पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"महाराज, दुखणं मोठं आहे. पण नेमकं कुठं, ते..."

"ते मीच सांगायचं, तर तुम्ही कशाला?"

पंतांच्या मागे औषधांची पेटी घेऊन येसू उभी होती. पंतांकडे ती खलात औषधं घोटायला असायची. आता पंतही गेले, तर महाराज वाचत नाहीत, हे तिला कळून चुकलं.

"पंत, सोपं आहे की!" ती एकदम म्हणाली. "महाराजांचा गुडघा दुखतोय. घोड्यावरून पडले असणार."

राजा ताडकन उठून बसला. "मी? घोड्यावरून? तोंड सांभाळ! गुडघा ठणठणीत आहे. पोट आहे, पोट!"

"मग मेजवानीवर ताव मारला असणार. अधाशी माणसाचं पोट दुखायचंच."

"अधाशी! अगं, पेजेचा घोट उतरत नाही मला! दोन घास खाल्ले की इथून, उजवीकडून, कळ उठते ती थेट खांद्यापर्यंत जाते!"

पंतांनी कान टवकारले.

"खांदा आळसानं आखडला असेल," येसू म्हणाली. "दिवसा लोळायचं, रात्री ढाराढूर घोरायचं..."

"घोरतो? डोळ्याला डोळा लागत नाही! पहाटे अशी हुडहुडी भरते, की पलंग हलतो!"

"अहो!" राणी उठून उभी राहिली. "मला तर म्हणालात, पलंगाचा पाय डुगडुगतोय!"

राजाने मान फिरवली. येसूने पेटी खाली ठेवली. तिचा आवाज हळू झाला.

"बाकी काही असो, भीती मात्र महाराजांना मुळीच वाटत नसणार."

राजाने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"हेही चुकलं, पोरी," तो पुटपुटला.

पंत पलंगाच्या कडेला बसले. "महाराज, दुखणं यकृताकडचं आहे. साधं नाही, खोटं बोलणार नाही. पण आता जागा सापडली. पथ्य पाळलंत आणि रोज काय होतंय ते असंच सांगितलंत, तर आपण त्याच्याशी झुंजू."

"सांगितलंत?" राजा दचकला. "म्हणजे मी सगळं... कार्टे! तू मला प्रश्न विचारलेस!"

"एकही नाही, महाराज! मी नुसती चुकत होते. तुम्हालाच राहवलं नाही!"

राजा खो खो हसत सुटला. हसता हसता त्याने पोट धरलं.

"आई गं!"

राणी आधी घाबरली, मग डोळ्यांत पाणी असतानाच हसली. त्या महालात आजवर कुणी कण्हलं नव्हतं!

राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं. "आजपासून तू दरबारची चुकणारी! रोज पंतांबरोबर यायचं आणि मनसोक्त चुकायचं. पगार प्रधानाइतका!"

"पण महाराज, प्रधानजींना समजावून सांगा. नाहीतर त्यांना वाटायचं, त्यांच्याच कामावर मला ठेवलंय!"

"अगं, हसवू नकोस! दुखतं!"

"छे! हसताना दुखत नसणार."

"दुखतं! इथं!" राजा हसत हसत ओरडला, आणि त्याने स्वतःच पंतांचा हात धरून बरोबर जागेवर ठेवला.