जीव खाऊ नकोस

एका राज्यात चुली राजाच्या जेवणाला बांधलेल्या होत्या. कुणा यक्षाने फार पूर्वी तशी गाठ मारून ठेवली होती. राजवाड्यातल्या दोन चुली अखंड जळत. बाकी राज्यात मात्र राजाने दिवसाचा पहिला घास घेतल्याशिवाय चकमक कितीही घासा, ठिणगी पडत नसे. राजे वेळेवर जेवत, त्यामुळे प्रजेचे काही अडत नव्हते.

मग मधुकेत गादीवर आला. मनाचा भला, पण पागोटे कोणते बांधावे हे ठरेस्तोवर दरबार उठून जायचा, असा माणूस. वाड्यातल्या एका चुलीवर शिकार शिजे, दुसरीवर भाजीपाला. रीत अशी, की नव्या राजाने पहिला घास ज्या चुलीचा घेतला तिचेच जन्मभर जेवायचे. मधुकेताचे वडील पहिल्या चुलीचे, आई दुसरीची. राजपुत्र असताना तो दोघांच्या ताटांतले खात आला होता, आणि कुणी त्याला कधी काही विचारले नव्हते. आता सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसले.

मधुकेताने राणीला विचारले, प्रधानाला विचारले, माहुताला आणि हत्तीलाही विचारले. प्रधान म्हणाला, "मांसावाचून मनगटात बळ येत नाही, महाराज." हत्ती म्हणाला, "मी गवत खातो, महाराज." राजाच्या डोक्यात भुंगा शिरला. इकडे गावोगाव लोक भिजवलेले हरभरे चघळत होते. राजाची चिमुरडी लेक शाल्मली तर हट्टालाच पेटली होती. बाबा जेवल्याशिवाय ती पाण्याखेरीज कशाला तोंड लावेना. तिचे उतरलेले तोंड राजाला बघवत नसे, पण निर्णय काही होईना.

शेवटी तो जंगलात कंकोळ मांत्रिकाकडे गेला. कंकोळाला वाचासिद्धी होती, त्याच्या तोंडून निघेल ते खरे व्हायचे. तो कढईत काढा ढवळत होता.

"मी मांस खावे की न खावे?" राजाने विचारले.

"तुझे तू ठरव."

"पण आपण काय खाता? हत्ती गवत खातो ते बरोबर का? आणि वाघाचे काय? मासे मांसात धरायचे का?"

सूर्य डोक्यावर आला तरी प्रश्न संपेनात. काढा करपला. कंकोळ ओरडला, "जीव खाऊ नकोस!"

राजाने भक्तिभावाने हात जोडले. उत्तर मिळाले एकदाचे, असे म्हणत तो घरी आला.

तरी खात्री करावी म्हणून त्याने पहिल्या चुलीचे ताट मागवले. झाकण काढताच रश्श्यातला तित्तिर म्हणाला, "महाराज, माझी पिल्ले शेताच्या बांधावर आहेत. त्यांना कुणी कळवले का?" राजाने हात मागे घेतला. दुसऱ्या चुलीचे ताट आले. भरले वांगे म्हणाले, "महाराज, माझ्या पोटात बिया आहेत. एकेक बी म्हणजे एकेक झाड." राजाने दूध मागवले. दूध म्हणाले, "मी वासराच्या वाटणीचे." राजा ताटावरून उठला. त्याला रडू येत होते आणि भूकही लागली होती.

बाहेर पायरीवर शाल्मली भिंतीला टेकून बसली होती. "जेवलात का, बाबा?" तिने विचारले. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की राजाला वाकून ऐकावे लागले.

तो तसाच जंगलाकडे धावत सुटला. वाटेत फांदीवर भारद्वाज बसला होता.

"पक्षिराज, मी काय खाऊ?"

"मी अळ्या खातो," भारद्वाज म्हणाला. "पण त्यासाठी अळ्यांचा सल्ला घेत नाही."

कंकोळाने राजाची हकिकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "अरे, माझा! माझा जीव खाऊ नकोस म्हणालो होतो मी. सकाळपासून तू माझे डोके पोखरत होतास."

"मग वांगे का बोलले?"

"माझा शब्द वाया जात नाही. तू जो अर्थ धरलास, तोच त्या शब्दाने धरला. आता उतारा ऐक. तीन वेळा प्रश्न तुझ्या ओठांवर येईल. तिन्ही वेळा तो गिळून टाक. मग अन्नाचा घास घे."

परतीच्या वाटेवर भारद्वाज तिथेच होता. राजाच्या ओठांवर आले, "मी हे नीट करतोय ना?" त्याने ते गिळले. कोरड्या भाकरीसारखे ते घशात अडकले. वेशीपाशी प्रधान भेटला. "काय ठरले, महाराज?" त्याने विचारले. "तुम्हाला काय वाटते?" हे शब्द राजाच्या जिभेच्या टोकापर्यंत आले होते. त्याने तेही गिळले. डोळ्यांत पाणी आले.

वाड्यात दोन्ही ताटे समोर मांडली गेली. शाल्मली मांडीवर येऊन बसली. तिचे अंग कागदासारखे हलके लागले. तुला काय हवे गं, असे तिला विचारावे, तिने बोट दाखवावे आणि आपण सुटावे, असे राजाच्या मनात आले. पोरीच्या बोटाआड लपायला निघालो आपण, हे कळून त्याला लाज वाटली. तिसरा प्रश्न पोटात गेला.

आता तित्तिर गप्प होता. वांगेही गप्प होते. राजाला वाटले होते, शाप सुटला की सगळे स्वच्छ दिसेल. तसे काही झाले नाही. डोक्यातला गोंधळ होता तसाच होता. फक्त बांधावरची पिल्ले त्याला आठवली, आणि या वेळी ती कुणी आठवण करून दिली नव्हती. त्याने तित्तिरावर झाकण ठेवले. भाकरी मोडली, वांग्याचा घास घेतला, आणि दुसरा शाल्मलीच्या तोंडात दिला. बरोबर केले की चूक, ते त्याला कळले नाही.

राज्यातल्या सगळ्या चुली एकदम पेटल्या. कुठे मासळी परतली गेली, कुठे पालेभाजी फोडणीला पडली. राजाने कुणाच्या भांड्यात डोकावून पाहिले नाही. वाड्यातली पहिली चूलही त्याने विझवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने परसात वांग्याचे बी पेरले आणि तित्तिराची पिल्ले शोधून वाड्यात आणली.

वर्षे लोटली. गादीवर बसायची पाळी शाल्मलीची आली. म्हातारा मधुकेत परसात वांग्यांना पाणी घालत होता. ती त्याच्या मागेमागे फिरू लागली. "बाबा, मी कोणत्या चुलीचे खाऊ? तुम्ही कसे ठरवलेत? सांगा ना, बाबा."

"शाल्मली," तो घागरीची धार न थांबवता म्हणाला, "जीव खाऊ नकोस."

ती थबकली. बाबा वैतागून बोलले की समजावून, ते तिला कळेना. प्रश्न तिच्या अगदी ओठांवर आला होता. तिने तो गिळला आणि ताट वाढून घ्यायला ती आत गेली.