मोऱ्या बैलाचं दचकणं

लई मागली गोष्ट हाये, तवा बैलं आपसात बोलायची. गेणबाच्या दावणीला दोन बैलं व्हती. हरण्या पान पडलं तरी उडायचा, आन् मोऱ्याच्या कानाशी ढोल बडवला तरी त्यो रवंथच करायचा. एकाला इकायचं म्हनून गेणबानं दोघांस्नी बाजारात नेलं. तिथली रीत अशी, की गिऱ्हाईक बैलाच्या तोंडापुढं घोंगडं झटकायचं आन् न दचकणारा बैल घ्यायचं.

मोऱ्याला घर सोडायचं नव्हतं. त्यो म्हनला, "हरण्या, मला दचकायला शिकीव की."

"आरं येड्या, त्यात शिकायचं काय? घोंगडं हाललं की उडायचं."

"पर उडायचं हे ठरवायचं कवा?"

"ठरवतंय कोन! ठरवायच्या आधीच मी उडालेला असतो."

गिऱ्हाइकानं मोऱ्यापुढं घोंगडं झटकलं. मोऱ्यानं उडायचं पक्कं ठरवलं. तंवर शेजारी हरण्या दावं तोडून कुंभाराच्या मडक्यांवर जाऊन पडला व्हता. मोऱ्याचा पाय काय हालला न्हाई.

"ह्योच द्या," गिऱ्हाईक म्हनलं. "दगड हाय नुसता."

नव्या मालकामागं मोऱ्या मुकाट चालला. वढा वलांडला, गाव दिसंना झालं, आन् मोऱ्या एकदम दचकला. चारी पाय उचलून दचकला.

मालक म्हनला, "माशी चावली जनू."