बयजाक्काची उघडी पोथी

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते सांगणारा आता कोणी उरला नाही. सावरदरी गावात बयजाक्का नावाची बाई राहत होती. तिचे वडील पोथ्या उतरवून द्यायचे, त्यांच्याजवळ बसून ती वाचायला शिकली. वडील गेल्यावर देवळात पोथी वाचायचं तिच्याकडे आलं.

पोथी अधिक महिन्यात लागायची. हा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, म्हणून सगळं गाव जमायचं. आधीचे वाचणारे भराभर वाचायचे, ऐकणारे डुलक्या घ्यायचे, आणि समाप्तीच्या जेवणाला सगळे जागे व्हायचे. बयजाक्कानं ती रीत मोडली. एक ओवी वाचायची आणि थांबायचं. बसलेल्यांनी आपापल्या शब्दांत तिचा अर्थ उलगडायचा, आणि मगच पुढं जायचं. कोणी नुसती मान हलवली की ती म्हणायची, "मान तर नंदीबैलपण हलवतो." हळूहळू लोकांना गोडी लागली. शेतात भाकरी खातानासुद्धा कालच्या ओवीवर बोलणं निघायचं, असं म्हणतात.

जुना नियम मात्र तिनं तसाच ठेवला. पोथी उघडी असताना जागेवरून उठायचं नाही. उठलं तर पाप.

एका वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. गावात वरची आळी आणि खालची आळी असं वैर होतं. एका लग्नात पहिला विडा कोणाला द्यायचा, यावरून ते लागलं होतं. गोड्या पाण्याची विहीर वरच्या आळीत, दाजीबांच्या मळ्यात होती. दाजीबांनी खालच्या आळीला विहीर बंद केली. रहाटाचा दोर काढून घरात नेऊन ठेवला आणि आपल्या माणसांना लागेल तेव्हा द्यायला लागले. खालची आळी ओढ्यातल्या झिऱ्याचं गढूळ पाणी प्यायची. पोथीला मात्र दोन्ही आळ्या यायच्या. एका खांबाकडे हे बसायचे, दुसऱ्या खांबाकडे ते.

खालच्या आळीत सगुणा नावाची पोर होती, लग्न होऊन फार वर्षं झाली नव्हती. तिच्या तान्ह्या लेकराला जुलाब लागले. झिऱ्याचं पाणी उकळून दिलं, गाळून दिलं, काही केल्या थांबेना. लेकराची टाळू खोल गेली. रडताना डोळ्यांतून पाणी येईना. सगुणा नवस बोलली, की पोथीची समाप्ती होऊ दे, तिथलं तीर्थ लेकराच्या ओठाला लावीन. मग ती लेकराला घेऊन रोज देवळात येऊन बसायला लागली.

आणि नेमकी पोथी अडली.

ओवीत एवढंच होतं, की दुसऱ्याची तहान ज्याच्या घशाला लागते, त्याच्या घरी देव पाणी प्यायला येतो. अर्थ सोपा. सगळ्यांनी सांगितला. दाजीबांनी तर असा सांगितला, की वरच्या आळीनं माना डोलावल्या. बयजाक्कानं पान उलटायला बोट लावलं. पान हलेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पान खालच्या पानाला चिकटलेलं नव्हतं, पण दगडासारखं जड झालं होतं, असं म्हणतात.

सगुणा म्हणाली, "अक्का, उलटा की पान. माझं लेकरू थांबायचं नाही."

"मी कुठं धरलंय गं?" बयजाक्का म्हणाली. "तेच हलत नाही."

मग ती दाजीबांकडे वळली. "दाजीबा, पुन्हा सांग बरं अर्थ. तुझ्या तोंडून छान वाटतो."

दाजीबा सांगायला लागले. सांगता सांगता त्यांचा घसा सुकला, तेव्हा त्यांनी शेजारचा आपल्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. सगुणाच्या मांडीवरच्या लेकरानं तांब्याकडे बघितलं आणि कोरडी जीभ ओठांवरून फिरवली. दाजीबांच्या तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं. गिळायला गेले, गिळवेना. घशात काटे उभे राहिले. तोंडातलं पाणी त्यांनी उपरण्यात सोडलं, दुसरा घोट घेतला, तोही उतरेना.

ते उठले. सगळं देऊळ दचकलं. कोणीतरी म्हणालं, "दाजीबा, पोथी उघडी आहे."

"असू द्या उघडी," दाजीबा म्हणाले.

तांब्या त्यांनी सगुणापुढं ठेवला. तिनं पदराचं टोक भिजवून लेकराच्या तोंडात पिळलं. दाजीबा मळ्यात गेले, घरातून दोर आणून रहाटाला बांधला आणि स्वतः घागर शेंदून खांद्यावरून खालच्या आळीत सगुणाच्या दारी नेली. मग एकेक करून वरची आळी उठली. त्यांच्यामागं खालची आळी रिकाम्या घागरी घेऊन निघाली.

देवळात बयजाक्का एकटी राहिली. वारा नव्हता. पान आपोआप उलटलं, असं म्हणतात. बघायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळं कोणी खरं मानतं, कोणी मानत नाही. लेकरू जगलं, ते मात्र सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी दाजीबांच्या घशाखाली पहिला घोट उतरला तो सगुणाच्या ओट्यावर, असंही सांगतात.

बयजाक्का पुढं म्हातारी होऊन गेली. रहाट गेला, विहिरीवर मोटार बसली, घरोघर नळ आले. तरी सावरदरीत अधिक महिन्यात पोथी लागते. ती ओवी आली की वाचणारा थांबतो. अर्थ कोणी सांगत नाही. सगळे उठतात, पोथी उघडी ठेवून. वरची आळी खालच्या आळीत पाणी नेते, खालची वरच्या. पहिला घोट गावातल्या सगळ्यात लहान लेकराला मिळतो, आणि तोवर मोठं माणूस पाण्याला तोंड लावत नाही.

परत येतात तेव्हा पान उलटलेलं असतं. कोणी उलटलं, ते वाचणाऱ्याला विचारायचं नसतं.