गर्जनेचे शेपूट

त्या प्रदेशात पाणी होते, पण ते डोंगराच्या पोटात होते. तिथे एक जण राहत असे. त्याला कोणी पाहिले नव्हते, त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून सगळे त्याला नुसते 'आतला' म्हणत. अंगात बळ एवढे की मनात आणले तर नदी उचलून दुसरीकडे ठेवील. पण मनात आणण्याची त्याला सवयच नव्हती. तो पक्का सांगकाम्या होता. विनवण्या त्याला कळत नसत. आपापल्या दारापुढच्या कातळावर गोट्यांच्या ओळी मांडायच्या, त्या तो आतून वाचायचा आणि मांडले असेल तेवढेच करायचा. पाणी किती, कुठून, कुठवर, थांबायचे कधी, सगळे मांडावे लागे. एखादा गोटा चुकला तर तो अंदाजाने काम उरकत नसे. तो गर्जना करी.

त्या गर्जनेने अर्धी वस्ती उठून गेली होती. नव्याने आलेले हौसेने गोटे मांडत, पहिली गर्जना ऐकत, आणि दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून चालू लागत. जाताना सगळे एकच सांगत, की आपले डोके या कामाचे नाही. गर्जनेत काय होते, हे त्यांतल्या एकालाही सांगता आले नसते.

डोंगराच्या उतारावर एका बिळात खवली आणि तिची म्हातारी आई राहत होत्या. जातीची खवले मांजरे. बाहेरून अंगभर चिलखत, आत जीव मुठीएवढा. आईने लेकीला आयुष्यात एकच विद्या शिकवली होती. "आवाज झाला की मुटकुळं करायचं," ती म्हणे. "नाक पोटात, शेपूट कानावर घट्ट. विचार नंतर. वाचलो तर विचार करायला अख्खा जन्म पडलाय." विद्या खोटी नव्हती. तिच्याच जोरावर दोघी दोनदा बिबट्याच्या तोंडून परत आल्या होत्या.

पण या वर्षी बिळाखालचे तळे आटत चालले होते. रोज सकाळी काठाचा चिखल आणखी वीतभर तडकलेला दिसे. तळाचा दगड उघडा पडला की ज्याच्या दारात पाणी नाही त्याने खिंड ओलांडून जायचे, ही तिथली रीत होती. आईचे मागचे पाय गेले होते. तिला खिंड सोडा, बिळाचा उंबराही चढवत नव्हता. "तू जा हो," ती अधूनमधून म्हणे, "माझं इथं बरं चाललंय." आई हे इतक्या सहज म्हणे की खवलीला तहानेपेक्षा त्या वाक्याचीच जास्त भीती वाटू लागली. शेवटी मन घट्ट करून ती धामणमावशीकडे गेली.

ही म्हातारी धामण नवख्यांना आतल्याशी बोलायला शिकवी. धामण बिनविषारी असते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण ती फूटभरावर समोर आली की ते आठवत नाही. खवली पहिल्याच भेटीत मुटकुळे करून पडली. मावशी शेजारी पसरून वाट पाहत राहिली. बऱ्याच वेळाने चेंडूतून नाक बाहेर आले तेव्हा ती म्हणाली, "झालं? बरं. आधी त्याला तुझ्या दारापर्यंत आणायला हवं."

डोंगराच्या मुखापासून बिळापर्यंत चर खणण्यात आठ दिवस गेले. खवलीची नखे झिजून निम्मी झाली. नवव्या दिवशी तिने आपल्या दारात उभे राहून आतल्याला हाक मारली. दारातली हाक उंबऱ्याचा दगड पुढे पोचवी; उत्तर त्यानेच दिले.

"असा कोणी मला ठाऊक नाही."

आठ दिवस पाण्यात, आणि तेही पाणी नसलेल्या पाण्यात! मावशी मात्र शांत होती. "तो आलाय गं. पण तो कुठे बसतो ते उंबऱ्याला कोणी सांगितलं? दिशा कोरून ठेव त्याच्यावर."

खवलीने नखाने दिशा कोरली. पुन्हा हाक मारली. उंबरा पुन्हा म्हणाला, असा कोणी मला ठाऊक नाही.

"मावशी!"

"ओरडू नकोस. बाहेर जा आणि परत आत ये. कोणी आत येताना तेवढा तो आपली पाठ वाचतो. एरवी झोपलेला असतो."

असला मूर्खपणा खवलीने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पण ती बाहेर गेली, आत आली आणि हाक मारली. उंबरा काही बोलला नाही. मग मावशीच्या सांगण्यावरून तिने कातळावर पहिली ओळ मांडली, मोजून तीन गोट्यांची. अर्थ एवढाच, की एकदा ठोक. जमिनीखालून आवाज आला: ठक्. आईने आत ताबडतोब मुटकुळे केले. खवली मात्र कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसली. एवढा मोठा डोंगर, आणि तिच्या तीन गोट्यांसाठी त्याने ठोकले होते.

हसू चार दिवस टिकले. पाचव्या दिवशी तिने पाण्यासाठी नऊ ओळी मांडल्या आणि डोंगर गरजला. गर्जना खोलवरून सुरू झाली, एकेक भुयार चढत वर आली, कातळ हादरला, बिळाच्या छताची माती पडली. खवलीला तेवढे शेवटचे आठवते. जाग आली तेव्हा शेपूट कानावर होते आणि मावशी समोर पसरली होती.

"काय म्हणाला?"

"ओरडला."

"ओरडला ते मला कळलं. म्हणाला काय?"

"तुम्हीच मांडून द्या ना मावशी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"कशानं मांडू? मला हात कुठायत?"

हात होते ते लांबहात्याला. हा वानर दुसऱ्या दिवशी तिथून जात होता. "सरक, सरक," म्हणत तो कातळावर बसला, तिच्या ओळी एका फटक्यात उधळल्या आणि तिची पापणी लवायच्या आत आपल्या मांडल्या. दारात पाणी आले. खवलीने त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. पण दीड दिवसाने एका खेकड्याने चराला भोक पाडले आणि पाणी भलतीकडे वळले. आता ओळी बदलायला हव्या होत्या. खवली त्या ओळींकडे बघत बसली. त्यातला कोणता गोटा कशासाठी, हे तिला काडीचे कळत नव्हते. ती धावत लांबहात्याच्या झाडाखाली गेली. तो फळ सोलत म्हणाला, "माझ्या इथं तर चालतंय." परत येऊन तिने भीतभीत एक गोटा उचलला मात्र, डोंगर गरजला. पुन्हा मुटकुळे. त्यानंतर तिने कातळाकडे जाणेच सोडले.

आणि एका दुपारी तळ्याचा तळ दिसला. पांढरा, कोरडा दगड. आईने तो पाहिला नव्हता, पण तिला वासावरून कळले. "उद्या निघायचंस तू," ती म्हणाली. या वेळी तिने 'बरं चाललंय' हेही म्हटले नाही.

खवली उठली. तिने लांबहात्याचा एकेक गोटा कातळावरून ढकलून दिला आणि आपल्या नऊ ओळी, खेकड्याचे भोक टाळून, पुन्हा मांडायला घेतल्या. खवले एकमेकांवर वाजत होते. मावशी येऊन कातळावर लांबलचक पसरली.

"या वेळी शेवटपर्यंत ऐक," ती म्हणाली. "आधी तो आपण कुठकुठल्या भुयारांतून आलो तेच सांगतो. ते मोठं असतं, सोडून दे. कामाचं तेवढं शेपटाशी असतं."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मला कान नाहीत गं. मी पोटानं ऐकते. पोटाला मोठं-बारीक कळत नाही. काय म्हणाला, तेवढं कळतं."

खवलीला कान होते. त्याला इलाज नव्हता. तिने एक जड धोंडा ओढून आणला, स्वतःचे शेपूट स्वतःच्याच पंजांनी त्याखाली अडकवले आणि शेवटचा गोटा ठेवला.

डोंगर गरजला. आत आईच्या अंगाचा चेंडू झाल्याचा आवाज आला. खवलीचे शेपूट कानाकडे यायला धडपडू लागले, धोंडा डुगडुगला. पहिले भुयार, दुसरे भुयार, तिसरे. तिला वाटले, आपण इथेच मरणार. दहाव्या भुयारानंतर आवाज कातळापाशी आला, आणि तिथे तो बारीक झाला. इतका बारीक, की मुटकुळे करणाऱ्याला कधीच ऐकू आला नसता.

"चौथ्या ओळीत दार उघडलंस," आतला म्हणाला. "मिटलं नाहीस."

खवलीने चौथी ओळ पाहिली. उघडणारा काळा गोटा होता. मिटणारा पांढरा गोटा नव्हता. तो तिच्याच पायाशी पडला होता. तिने तो उचलून जागेवर ठेवला.

डोंगर पुन्हा गरजला.

तिचा धीर सुटला. चूक सुधारली, तरी तोच राग, तीच भुयारे! खिंडीतून गेलेले सगळे खरे. आपले डोके या कामाचे नाही. धोंडा कलंडला. सुटलेले शेपूट तिच्या कानावर येऊन आदळणार, एवढ्यात बिळातून आवाज आला. चेंडूच्या आतून आल्यासारखा, दबलेला.

"अगं, थांब. हे मघाचं नव्हे."

खवलीने शेपूट हवेतच थांबवले. गर्जना कातळापाशी येत होती, बारीक होत होती.

"सातव्या ओळीत हौद म्हणालीस. हौद म्हणजे कोणता, ते मला कोणी सांगितलेलं नाही."

हौद म्हणजे दारापुढचा खळगा, हे साऱ्या उताराला ठाऊक होते. आतल्याला ठाऊक नव्हते. खवलीने सगळ्यात वर एक नवी ओळ मांडली, खळग्याकडे दिशा दाखवणारी. मग ती वाट पाहू लागली. या वेळी डोंगर काहीच बोलला नाही, आणि ती शांतता तिला दोन्ही गर्जनांपेक्षा भयंकर वाटली. मावशीने कातळावरून पोट किंचित उचलून घेतले. कातळ ओला झाला होता.

पाणी खळग्यात भरले, काठावरून ओसंडले आणि उंबरा ओलांडून बिळात शिरले. खवली त्याच्या मागोमाग आत धावली. आई मघाच्याच जागी होती, मघासारखीच मुटकुळे करून, खालचे खवले भिजलेले. फक्त कानावरचे शेपूट तिने बोटभर वर उचलून धरले होते.