खरवडीचा वाटा

फार पूर्वी चंपकनगरीत सुषेण राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने एका धान्यव्यापाऱ्याच्या कुळात जन्म घेतला. त्याचे नाव भद्रक. त्याची कोठारे भरलेली असत, हात सढळ होता आणि जेवणाची त्याला भारी आवड होती. त्या नगरीत पुरुष आधी जेवत आणि मागे उरेल ते बायका खात. पुन्हा चूल पेटवणे अशुभ मानत. ही रीत कुणी घातली हे कुणालाच ठाऊक नव्हते, पण घालणारा पोटभर जेवलेला असावा एवढे नक्की.

भद्रकाची पत्नी वसुला मोठी सुगरण होती. "वाढ गं आणखी, हात आखडू नकोस," असे तो रोज म्हणे आणि ती हसून वाढी. आपण मागतो म्हणजे तिचे कौतुकच करतो, असे तो बिचारा समजे.

त्याची सून मेखला हिला दिवस गेले होते; पण महिन्यागणिक ती खंगत चालली. वैद्य म्हणाले, "अशीच राहिली तर बाळाचा भरवसा नाही, हिचाही नाही." भद्रकाने लांबून मुळ्या आणवल्या, काढे करवले. गुण येईना.

एके दिवशी समुद्रापलीकडचा एक व्यापारी त्याच्याकडे जेवायला आला. इथली रीत पाहून तो म्हणाला, "आमच्या देशात बायका आमच्याच पंगतीला बसतात."

"मग व्यवहारातही चार शब्द सांगत असतील?" भद्रकाने विचारले.

"छे हो! परक्यासमोर त्यांनी तोंड उघडायचं नाही. डोक्यावर बसतील!"

दोघेही खूप हसले. दुसऱ्याची रीत हसण्याजोगी असतेच. हसता हसता आग्रह झाला आणि आग्रहात भात संपला.

पाहुण्याला निरोप देऊन भद्रक पाणी मागायला स्वयंपाकघराकडे गेला आणि दारातच थबकला. आत मेखलेला समोर बसवून वसुला पातेल्याच्या तळाची खरवड काढीत होती.

"तू खा पोरी, तुझ्या पोटात जीव आहे."

"आत्याबाई, कालही असंच म्हणून तुम्ही उपाशी राहिलात. आज निम्मं निम्मं, नाहीतर मी रुसेन."

आणि त्या दोघी चक्क हसल्या. ते हसू ऐकून भद्रकाच्या काळजात चर्र झाले. आजवर आपण मागून घेतलेला जास्तीचा घास कुणाच्या पानातला होता, हे त्याला आता कळले. धान्याचा व्यापारी, आणि घरातलीच माणसे उपाशी! त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने घरातल्या सगळ्यांची पाने एकत्र मांडली. वसुला घाबरली. "अहो, हे काय भलतंच! तुमच्यासमोर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

"मग माझ्याही उतरणार नाही. बसलो मी."

"हट्टी आहात अगदी!" असे म्हणत ती पाठमोरी का होईना, पण बसली. मेखला मात्र लाजली नाही. तिला भूक लागली होती.

बातमी नगरभर झाली. राजा त्याच सुमारास भद्रकाला नगरश्रेष्ठी करणार होता. व्यापाऱ्यांनी त्याला बजावले, "प्रायश्चित्त घे आणि रीत पाळ, नाहीतर पदाचं नाव काढू नकोस." तो म्हणाला, "पद दुसऱ्या कुणाला द्या." मग त्यांनी राजाकडे गाऱ्हाणे नेले. राजा नुकताच भोजन करून सभेत बसला होता आणि शेजारी राणी होती. त्याने भद्रकाला बोलावून घेतले.

"भद्रका, बायकांनी कधी तक्रार केली का?"

"महाराज, आम्ही कधी विचारलंच नाही. आपण राणीसाहेबांना विचारून पाहावं, त्यांचं जेवण झालं का."

राजा हसत राणीकडे वळला. "काय गं, जेवलीस ना?"

राणीचे डोळे भरून आले. "लग्न होऊन आले त्या दिवसापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं, महाराज."

राजाचे हसू मावळले. त्याने तिचा हात धरला आणि सभा तशीच सोडून तो तिला भोजनगृहात घेऊन गेला.

नगरीची रीत एका दिवसात सुटली नाही. नगरश्रेष्ठीचे पदही दुसऱ्यालाच मिळाले. पण मेखलेला सुखरूप मुलगी झाली, चांगली गुटगुटीत.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची मेखला म्हणजे आजची उत्पलवर्णा, राजा म्हणजे आनंद आणि वसुला म्हणजे राहुलमाता. भद्रक मीच होतो. आपले पोट भरलेले असताना दुसऱ्याची भूक जिला दिसते, तिला मैत्री म्हणतात. ती मी त्या स्वयंपाकघराच्या दारात शिकलो."