फुबुकीचा खांदा

"...पण नाक तर माझ्याच घोडीचं पुढे होतं ना, ओयाकाता?"

सेइकिचीने पुन्हा तोच प्रश्न विचारला.

म्हातारा हेइसुके घोडीचा खूर मांडीवर घेऊन त्यातली माती काढत होता.

होक्काइदो हे जपानच्या उत्तरेकडचं बेट. ही गोष्ट ज्या काळातली, त्या काळी तिथल्या जंगलांतले ओंडके घोडेच ओढत. घोडे कसले, हत्तीची पिल्लंच ती! हेइसुकेने उभा जन्म त्या घोड्यांमागे काढला. त्याच्या हाताखाली शिकणारे त्याला ओयाकाता म्हणत. ओयाकाता म्हणजे उस्ताद, आणि वेळ पडली तर बापही.

सेइकिची हा त्याचा सगळ्यांत हुशार शिष्य. हे सेइकिचीला स्वतःलाही माहीत होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

तिकडची शर्यत आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीसारखी नाही. धुरळा, भिर्रर्र, असलं काही नाही. घोड्यामागे, त्याच्या गळपट्ट्याला जोडलेली लोखंडी घसरगाडी, तिच्यावर भलंमोठं वजन, वर हाकणारा उभा. वाटेत मातीची दोन टेकाडं. बघणारे लोक शेजारून चालत चालत घोड्यांना हुरूप देतात. आणि दुसऱ्या, मोठ्या टेकाडाआधी सगळे घोडे थांबतात. भर शर्यतीत! तिथे दम खातात आणि मग एकेक जण चढाला लागतो. शेवटच्या रेषेवर घोड्याचं नाक कोणी बघत नाही. गाडीचं मागचं टोक पार गेलं, की शर्यत संपली.

मला विचाराल, तर शर्यत ज्याने कोणी पहिल्यांदा काढली, त्याच्या मनात अशीच शर्यत असावी.

तर आदल्या दिवशी गावच्या शर्यतीत सेइकिचीच्या घोडीचं, फुबुकीचं, नाक सगळ्यांत आधी रेषेपार गेलं. सेइकिचीने लगाम सोडला आणि दोन्ही हात आभाळाकडे उंचावले. फुबुकी जागच्या जागी उभी राहिली. गाडीचं शेपूट रेषेच्या अलीकडेच राहिलं. शेजारच्या गावचा रोकुझो आपला काळा घोडा घेऊन सावकाश पुढे निघून गेला.

सगळं गाव हसलं. सेइकिची इतका चिडला, की घोडी तशीच सोडून घरी गेला. तिचा साज ओयाकातानेच उतरवला.

आज सकाळी सेइकिची तबेल्यात येऊन बघतो, तर खुंटीवर लगाम नाही. तो ओयाकाताच्या कमरेला गुंडाळलेला. शरदातल्या सणाची मोठी शर्यत महिन्याभरावर आलेली, आणि फुबुकी ओयाकाताची असली, तरी तिला शिंगरू असल्यापासून वाढवलेलं सेइकिचीने. ती हातची गेली तर... त्याला पुढचा विचारही करवत नव्हता.

"लगाम द्या, ओयाकाता. सणाला त्या रोकुझोला दाखवूनच देतो."

"काय दाखवतोस?"

"मी कोण आहे ते."

हेइसुकेने खूर खाली ठेवला.

"टेकाडाआधी थांबला होतास. तेव्हा कुठे बघत होतास?"

"रोकुझोकडे. तो कधी निघतोय ते बघत होतो. त्याच्याआधी निघायचं होतं मला."

"आणि तो कुठे बघत होता?"

सेइकिची घुटमळला. "...फुबुकीकडे."

"काही बोलला?"

"ओरडला. म्हणे, हिचा गळपट्टा सरकलाय, उतरून नीट कर. मी डाव ओळखला. मला खाली उतरवायचं आणि आपण सटकायचं! मी तसाच निघालो."

"डाव..."

म्हातारा उठला. त्याने फुबुकीची आयाळ बाजूला केली.

खांद्यावर तळहाताएवढी कातडी सोलवटली होती. आतलं लाल मांस दिसत होतं.

सेइकिची बघतच राहिला. त्याने हात पुढे केला, पण जखमेला लावायचं धाडस झालं नाही.

"म्हणून ओरडला रोकुझो," तो पुटपुटला. "दुखत होतं तिला. तरी टेकाड चढली..."



तेवढ्यात दाराशी कोणीतरी खाकरलं. रोकुझो होता. चाळिशी उलटलेला, बुटका, कानावर घट्ट टोपी ओढलेला माणूस. त्याचा काळा घोडा कुरो बाहेर उभा होता. कालच्या कष्टांनंतर घोडा आखडू नये, म्हणून तो त्याला मोकळं चालवत घेऊन आला होता, आणि स्वतःही पायीच आला होता.

त्याने वाकून नमस्कार केला.

"घोडी कशी आहे? काल विचारायला आलो, तर तू निघून गेला होतास." त्याने खिशातून एक डबी काढली. "मलम आहे. आमच्याकडे याने लवकर भरतं."

जिंकल्याबद्दल चकार शब्द नाही. अशा माणसाकडून हरणं हेसुद्धा भाग्यच म्हणायचं. पण ते हरल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाला पटतं?

सेइकिचीने डबी घेतली. मान काही वर झाली नाही.

हेइसुके कमरेचा लगाम सोडवू लागला. सेइकिचीने झटकन दोन्ही हात पुढे केले.

म्हाताऱ्याने लगाम रोकुझोच्या हातात ठेवला.

"सणाला हिला तू हाक. तोवर खांदा भरेल."

रोकुझो गोंधळला. "आणि माझा कुरो?"

"त्याला हा हाकेल. तुझी ना नसेल तर."

रोकुझोने वळून कुरोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याचाही जीव होताच की त्या घोड्यावर.

"...बरं," तो म्हणाला.

"ओयाकाता, मला हवं तर हाकलून द्या!" सेइकिची कळवळला. "पण तिला देऊ नका!"

ओयाकाताने झाडू घेतला आणि तो तबेला झाडू लागला.

रोकुझोने फुबुकीला बाहेर काढायला समोरून लगाम हलकाच ओढला. तिने कान मागे पाडले आणि पाय रोवले. त्याने उजव्या अंगाने जाऊन पाहिलं. ती बिचकली, भिंतीला घासली.

सेइकिचीला ते बघवेना.

"तसं नाही, रोकुझो-सान! डावीकडून या. उजवीकडून कोणी आलं की ती घाबरते, लहानपणापासून."

रोकुझो डावीकडून आला. फुबुकी शांत झाली.

"आणि चढावर ओरडू नका. नुसतं नाव घ्या, हळू आवाजात. गळपट्ट्याखाली जुन्या कापडाची घडी घालत जा." तो बोलत होता आणि बोटाने जखमेला मलम लावत होता. "नाक रेषेपार गेलं, की तिला वाटतं काम संपलं. तिथे लगाम सोडू नका. मी सोडला... तुम्ही सोडू नका."

रोकुझो कान देऊन ऐकत होता. त्याने काही गोष्टी पुन्हा विचारून घेतल्या. मग तो म्हणाला,

"कुरोला लोक आळशी म्हणतात. तो आळशी नाही. टेकाडाआधी तो एक लांब श्वास सोडतो. तो सोडेपर्यंत थांब. बाकीचे वर पोचले तरी थांब. मग बघ त्याची गंमत."

"आणि उतारावर?"

"उतारावर त्याला मोकळं सोड. तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं."

दोघे हसले. सख्ख्या भावालाही सांगायचं नाही, असं सगळं ते एकमेकांना सांगत होते. कोणत्या आवाजाला कान टवकारतो, कुठला पाय आधी टाकतो, दमल्यावर कसं ओळखायचं. मला त्या दोघांचा हेवा वाटतो, खरंच सांगतो.

ऊन वर आलं, तेव्हा रोकुझो फुबुकीला घेऊन निघाला. तो तिच्या डावीकडून चालत होता. वळणाशी थांबून त्याने मागे वळून नमस्कार केला. सेइकिचीने त्याच्याहून खाली वाकून केला.

मग तो कुरोच्या गळ्यावर हात फिरवत उभा राहिला. एकाएकी त्याचा हात थांबला.

"ओयाकाता... मी तर त्याला सगळंच सांगून बसलो. एक गोष्ट मागे ठेवली नाही!"

"हं."

"त्यानेही मला सगळं सांगून टाकलं. आता कोण जिंकणार, काही सांगताच येत नाही."

हेइसुकेने झाडू भिंतीला टेकवून ठेवला. कितीतरी दिवसांनी तो हसला.

"आता कुठे शर्यत लागली."